रिलीज बिल्डमध्येही कंपायलरच्या आतली असर्शन्स चालू कशी ठेवायची? (एलएलव्हीएम, जीसीसी आणि इतर)

बिटबहाद्दर (धागाकर्ता)

एलएलव्हीएमसाठी (कंपायलर बांधायच्या लायब्ररींचा संच) पास (कोड तपासणारी किंवा बदलणारी एक फेरी) लिहिणारे किंवा त्याच्या लायब्ररीवर स्वतःची भाषा उभी करणारे एका जागी हमखास अडकतात. आयआर (कोडचं कंपायलरच्या आतलं मधलं रूप) फाइल तीच, पासही तोच. घरी डीबगमध्ये बांधलेला 'ऑप्ट' (आयआरवर पास चालवणारं साधन) असर्शन (कोडमधली 'ही अट खरी असलीच पाहिजे' अशी तपासणी) फेल म्हणून जागीच थांबतो आणि डिस्ट्रोच्या पॅकेजमधला 'ऑप्ट' गुपचूप आउटपुट देऊन मोकळा होतो. पाहणाऱ्याला वाटतं, आपलं डीबग बिल्डच बिघडलंय. खरं तर चूक दोन्हीकडे होते. पॅकेजमधल्या बिल्डमध्ये ती पकडणारा कोडच शिल्लक नसतो.

मुळाशी एकच मॅक्रो आहे, एनडीबग. तो डिफाइन केलेला असला की सी आणि सी++ मधला असर्ट रिकामा होतो, आतली अट तपासलीच जात नाही. सीमेक (बिल्डची आखणी करणारं साधन) जीसीसी किंवा क्लँगसाठी (एलएलव्हीएमवरचा सी/सी++ कंपायलर) बिल्ड टाइपप्रमाणे हे फ्लॅग लावतो: डीबगला नुसतं -जी, रिलीजला -ओ३ -डीएनडीबग, रेलविथडेबइन्फोला -ओ२ -जी -डीएनडीबग, मिनसाइझरेलला -ओएस -डीएनडीबग. तिसऱ्यात फसगत होते. नावात 'डीबग इन्फो' आहे म्हणून असर्ट चालू असतील असं धरलं जातं, पण ते बंदच असतात. आणि बिल्ड टाइप रिकामा सोडला तर ऑप्टिमायझेशनही नाही आणि एनडीबगही नाही, म्हणजे असर्ट चालू. (एलएलव्हीएम आता टाइप दिल्याशिवाय कॉन्फिगरच होत नाही, ते बरंच झालं.)

डीबग माहिती, ऑप्टिमायझेशन आणि असर्शन्स ही तीन वेगवेगळी बटणं आहेत. बिल्ड टाइप ती एकत्र दाबतो एवढंच. ती सुटी कशी करायची आणि सुटी केल्यावर काय काय मोडतं, यासाठी हा धागा.

एक सूचना: आज्ञा आणि पर्याय इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग टाकायचं, सीमेकची व्हेरिएबल्स मोठ्या अक्षरांत.

---

अवजार

चांगला विषय. असर्ट गेल्यावर नेमकं काय होतं ते एका उदाहरणावर दाखवतो.

एलएलव्हीएममध्ये टाइप बदलायला कास्ट<> वापरतात. त्याच्या आत एक असर्ट आहे: इसा<> खरं असलं पाहिजे, नाहीतर संदेश येतो 'कास्ट<टाय>() आर्ग्युमेंट ऑफ इनकम्पॅटिबल टाइप!'. समजा पासमध्ये एखाद्या व्हॅल्यूवर कास्ट<लोडइन्स्ट> केलं आणि ती निघाली स्टोअर. असर्ट चालू असेल तर त्याच ओळीवर प्रोग्राम पडतो आणि फाइल, ओळ, फंक्शन तिन्ही छापून येतात. असर्ट बंद असेल तर उरतो फक्त आंधळा स्टॅटिक कास्ट. पॉइंटर तोच राहतो, पण त्या मेमरीकडे आता लोड म्हणून बघितलं जातं. एखादं फील्ड वाचलं तर कचरा मिळतो, लिहिलं तर दुसऱ्याच्या ऑब्जेक्टवर लिहिलं जातं. क्रॅश झालाच तर तीन पास पुढे, ज्याचा मूळ चुकीशी काही संबंध नाही अशा जागी. आणि क्रॅश झाला नाही तर चुकीचा मशीन कोड बाहेर पडतो, तो आणखी वाईट.

एलएलव्हीएम_अनरीचेबलचं वागणंही बदलतं. असर्शन्स चालू असताना तो संदेश देऊन थांबतो. बंद असताना डिफॉल्टने तो ऑप्टिमायझरला 'इथे कधीच येणार नाही' असं वचन देतो. तरीही तिथे पोचलात तर अंमलबजावणी सरळ पुढच्या फंक्शनच्या कोडमध्ये घरंगळू शकते. असर्शन्स नको आहेत पण हेही नको, अशी गरज असेल तर एलएलव्हीएम_अनरीचेबल_ऑप्टिमाइझ=ऑफ द्या. मग तिथे ट्रॅप बसतो आणि निदान जागेवर मरण येतं.

---

निंबोणी

रोजच्या कामाला माझ्या मते एकच मिश्रण योग्य: रिलीज आणि असर्शन्स ऑन.

सीमेक -एस एलएलव्हीएम -बी बिल्ड-आरए -जी निन्जा -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रिलीज -डीएलएलव्हीएम_एनेबल_असर्शन्स=ऑन -डीएलएलव्हीएम_एनेबल_प्रोजेक्ट्स=क्लँग -डीएलएलव्हीएम_टार्गेट्स_टू_बिल्ड=एक्स८६ -डीएलएलव्हीएम_यूज_लिंकर=एलएलडी

एलएलव्हीएम_एनेबल_असर्शन्स स्वतःहून ऑन असतो तो फक्त डीबग टाइपमध्ये. बाकी सगळीकडे ऑफ, म्हणून तो हाताने द्यावाच लागतो.

पूर्ण डीबग बिल्ड रोजच्यासाठी का नको? डिस्कवर ते सहज १५ ते २० जीबी खातं. शिवाय स्टॅटिक लिंकिंग असेल तर क्लँग, ऑप्ट, एलएलसी अशा प्रत्येक बायनरीच्या लिंकला कित्येक जीबी रॅम लागते. निन्जा (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारं साधन) आठ लिंक एकदम सुरू करतो, १६ जीबीचं मशीन स्वॅपमध्ये जातं आणि शेवटी कर्नल लिंकरलाच मारून टाकतो. लॉगमध्ये नुसतं 'किल्ड' दिसतं, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. डीबग लागणारच असेल तर एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स=१ किंवा २, एलएलव्हीएम_यूज_स्प्लिट_ड्वार्फ=ऑन, आणि लिंकर एलएलडी. यातलं स्प्लिट ड्वार्फ विसरलं जातं, पण लिंकरच्या पुढ्यातला डीबग माहितीचा ढीग त्यानेच कमी होतो.

जीडीबीने पायरी पायरीने जायचं असेल तरच डीबग. 'माझा पास आयआर मोडतोय का' एवढंच बघायचं असेल तर रिलीज अधिक असर्शन्स पुरतं आणि टेस्ट कितीतरी लवकर आटोपतात.

---

सातपाटी

हेच स्वतःच्या सीमेक प्रकल्पात करताना सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्जमध्ये -यूएनडीबग दिलं तरी असर्ट उडतात. असं का?

---

अवजार

क्रमामुळे. कमांड लाइनवरचे -डी आणि -यू कंपायलर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेतो, शेवटचा जिंकतो. सीमेक आधी सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्ज लिहितो आणि त्यामागे सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्ज_रिलीज. तुमचा -यूएनडीबग आधी आला, मागून -डीएनडीबग आला, संपलं.

उपाय दोन. सीमेकलिस्ट्समध्ये ॲड_कंपाइल_ऑप्शन्स(-यूएनडीबग) लिहा, ते बिल्ड टाइपच्या फ्लॅगनंतर जोडलं जातं. एलएलव्हीएम स्वतः हाच मार्ग घेतो. किंवा सीमेक_सीएक्सएक्स_फ्लॅग्ज_रिलीज=-ओ३ असं पूर्ण बदलून टाका, म्हणजे एनडीबग येणारच नाही.

खात्री करायला सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स=ऑन देऊन कॉन्फिगर करा आणि कंपाइल_कमांड्स.जेसन उघडून एका फाइलची पूर्ण ओळ वाचा. -डीएनडीबग आणि -यूएनडीबग दोन्ही दिसतील, मागे कोण आहे ते बघायचं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे अर्ध्या मिनिटाचं काम.

---

दुवाजोड

आता लिंकरची बाजू. एलएलव्हीएमवर बाहेरून काम करणाऱ्यांना सर्वात जास्त त्रास इथे होतो.

लिंक करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एलएलव्हीएम::एनेबलएबीआयब्रेकिंगचेक्स' किंवा 'डिसेबलएबीआयब्रेकिंगचेक्स' अशी चूक आली तर ती लायब्ररी सापडत नाही म्हणून आलेली नसते. ती मुद्दाम बसवलेली आहे. काही तपासण्यांना क्लासमध्ये जादा फील्ड लागतं. डेन्समॅपमध्ये डीबगएपॉकबेस आहे. तपासण्या चालू असताना त्यात ६४ बिटांचा एक काउंटर असतो, मॅप बदलल्यावर जुना इटरेटर वापरला तर पकडायला. बंद असताना तो बेस रिकामा असतो. म्हणजे एकाच नावाच्या क्लासचा आकार दोन बिल्डमध्ये वेगळा. हेडर एका बिल्डचं आणि लायब्ररी दुसऱ्या बिल्डची जोडली तर फील्डचे ऑफसेट चुकतात आणि कुठेही काहीही होऊ शकतं. ते रन होण्याआधी लिंकलाच अडावं म्हणून ही दोन चिन्हं.

त्यामुळे चूक दिसली की आधी इन्क्लूड पाथ बघा. बहुतेक वेळा यूएसआर/इन्क्लूडमधलं डिस्ट्रोचं हेडर आणि स्वतःच्या बिल्ड फोल्डरमधली लायब्ररी एकत्र आलेली असते. सीमेकमध्ये एलएलव्हीएम_डीआयआर एकाच इन्स्टॉलकडे वळवा, जुना सीमेककॅश पुसून पुन्हा कॉन्फिगर करा. एलएलव्हीएम_डिसेबल_एबीआय_ब्रेकिंग_चेक्स_एन्फोर्सिंग=१ दिल्यावर चूक गायब होते हे खरं, पण आकारातला फरक तसाच राहतो. कृपया हा उपाय कोणी सुचवू नका.

ही तपासणी तुमच्या कोडच्या एनडीबगवर अवलंबून नाही. इन्स्टॉल झालेल्या हेडरमध्ये ० किंवा १ कोरलेलं असतं. म्हणून असर्शन बंद असलेल्या एलएलव्हीएमवर तुमचा स्वतःचा कोड असर्शन चालू ठेवून बांधता येतो. उलटंही चालतं. ही तपासणी असर्शन्सपासून वेगळी करायचीच असेल तर एलएलव्हीएम_एबीआय_ब्रेकिंग_चेक्सला विथ_असर्ट्स (डिफॉल्ट), फोर्स_ऑन, फोर्स_ऑफ अशा तीन किमती आहेत. असर्शन हवीत पण एबीआय (बांधलेल्या कोडमधली क्लासची मांडणी वगैरे) रिलीजसारखाच हवा, तर फोर्स_ऑफ.

दुसरी नेहमीची चूक: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एलएलव्हीएम::व्हॅल्यू::डम्प() कॉन्स्ट'. डम्प हेडरमध्ये जाहीर केलेलं असतं, पण त्याचा कोड असर्शन चालू असेल किंवा एलएलव्हीएम_एनेबल_डम्प=ऑन असेल तरच बांधला जातो. कायम चालणारा पर्याय: व्ही->प्रिंट(एलएलव्हीएम::एर्स()).

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ वापरणाऱ्यांना रिलीज अधिक असर्शन्सचा आणखी एक फायदा. डीबग टाइप रनटाइमच बदलतो, /एमडीच्या जागी /एमडीडी, इटरेटर डीबग लेव्हलही बदलते, आणि बाकी लायब्ऱ्या रिलीजच्या असतील तर लिंकर एलएनके२०३८ देतो. एकटं असर्शन चालू केल्याने रनटाइम बदलत नाही.

---

सातपाटी

आणखी एक. प्रोग्राम रिलीजमध्ये नीट चालतो, असर्शन्सच्या बिल्डमध्ये 'प्रोग्राम अबॉर्टेड ड्यू टू ॲन अनहँडल्ड एरर' म्हणतो. एरर तर काहीच नव्हता.

---

दुवाजोड

हेही त्याच एबीआय तपासण्यांमधून येतं. एरर आणि एक्स्पेक्टेड<टी> या क्लासमध्ये 'तपासलं का' याची खूण ठेवलेली असते. यशस्वी झालेला एक्स्पेक्टेडसुद्धा इफमध्ये तपासला नाही आणि तसाच नष्ट झाला तर अबॉर्ट होतो. आज यश आलं म्हणून तपास सोडायचा नाही, ही त्यामागची शिस्त. तिथे खरंच काही करायचं नसेल तर कन्झ्यूमएरर(...) द्या, अपयश अशक्यच असेल तर कान्टफेल(...). असर्शन बिल्डवर एकदा टेस्ट चालवल्या की अशा सगळ्या जागा एकामागून एक वर येतात, आणि त्या दुरुस्त करायलाच हव्यात.

---

रेतीघड्याळ

चर्चा एलएलव्हीएमकडेच झुकली आहे. जीसीसीची पद्धत वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त विचारपूर्वक केलेली आहे.

तिथे एक ऑन-ऑफ बटण नाही, यादी आहे. कॉन्फिगर --एनेबल-चेकिंग=यादी. त्यात असर्ट, डीएफ, एक्स्ट्रा, फोल्ड, जीसी, जीसीएसी, गिम्पल, मिस्क, आरटीएल, आरटीएलफ्लॅग, रनटाइम, ट्री, टाइप्स, व्हॅलग्रिंड. 'रिलीज' म्हणजे सर्वात स्वस्त दोन: असर्ट आणि रनटाइम. 'येस' म्हणजे त्यावर मिस्क, जीसी, गिम्पल, आरटीएलफ्लॅग, ट्री, टाइप्स. 'ऑल' म्हणजे व्हॅलग्रिंड सोडून सगळं. गिटवरून किंवा स्नॅपशॉटवरून बांधलं तर डिफॉल्ट 'येस,एक्स्ट्रा', अधिकृत रिलीजमधून बांधलं तर 'रिलीज'. म्हणून गिटवरून बांधलेला जीसीसी पॅकेजपेक्षा हळू वाटला तर घाबरू नका. वेगाची तुलना करायची असेल तर दोन्ही --एनेबल-चेकिंग=रिलीजने बांधा, नाहीतर आकडे निरर्थक.

लक्षात घ्या, रिलीजमध्येसुद्धा जीसीसी_असर्ट चालूच असतो. तो बंद करायला --डिसेबल-चेकिंग मुद्दाम द्यावं लागतं आणि जीसीसीचं दस्तऐवजच सांगतं की वेग किंचित वाढेल, पण न पकडलेल्या चुकीतून चुकीचा कोड बनण्याचा धोकाही वाढेल. महाग तपासण्यांसाठी वेगळा मॅक्रो आहे, जीसीसी_चेकिंग_असर्ट, तो रिलीजमध्ये निष्क्रिय. शिवाय बंद असताना हा मॅक्रो '० && (अट)' असा उलगडतो. अट कंपाइल होते, चालत नाही. त्यामुळे अटीतल्या फंक्शनचं नाव बदललं तर रिलीज बिल्डही तक्रार करतं, आणि फक्त अटीत वापरलेल्या व्हेरिएबलवर 'न वापरलेलं' असा इशाराही येत नाही. साध्या सी असर्टमध्ये दोन्ही सोयी नाहीत.

बग शोधताना फरक असा दिसतो. ट्री तपासणी चालू असेल तर संदेश येतो 'ट्री चेक: एक्स्पेक्टेड क्लास टाइप, हॅव एक्सेप्शनल (एरर_मार्क)', पुढे फंक्शन आणि ओळ. तीच चूक रिलीज चेकिंगमध्ये बऱ्याचदा नुसता सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून येते. आणि सोर्समध्ये आधीच काही चुका निघालेल्या असतील तर रिलीज बिल्ड 'कन्फ्यूज्ड बाय अर्लियर एरर्स, बेलिंग आउट' एवढंच म्हणून गप्प बसतं. फक्त तपासणी बिल्डमध्ये दिसणाऱ्या चुकांसाठी जीसीसीच्या बगझिलात 'आइस-चेकिंग' असा वेगळा कीवर्ड आहे (आइस म्हणजे कंपायलरची अंतर्गत चूक).

पुन्हा न बांधता थोडं करता येतं: -एफचेकिंग. जीसीसी ६ पासून आतल्या बऱ्याच सुसंगती तपासण्या या फ्लॅगने रनटाइमला चालू होतात. -एफचेकिंग=२ जरा जपून, त्यातल्या तपासण्यांमुळे निघणारा कोडही बदलू शकतो. 'एक्स्ट्रा' गटाचंही तेच. म्हणून बूटस्ट्रॅप करताना (जीसीसी स्वतःलाच टप्प्याटप्प्याने बांधतो तेव्हा) स्टेज१ आणि पुढच्या टप्प्यांत 'एक्स्ट्रा' वेगवेगळा ठेवायचा नसतो. स्टेज२ आणि स्टेज३ च्या ऑब्जेक्ट फाइल्स जुळल्या नाहीत की 'बूटस्ट्रॅप कम्पॅरिझन फेल्युअर' येतो आणि तुम्ही नसलेला बग शोधत बसता.

पवईच्या आयआयटीतल्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या साहित्यावरून जीसीसीत पास घालायला शिकलेले इथे असतील. त्यांच्यासाठी: प्लगइनने प्लगइन_डिफॉल्ट_व्हर्जन_चेक बोलावलं असेल तर आवृत्तीबरोबर कॉन्फिगरचे आर्ग्युमेंटही जुळावे लागतात. चेकिंग बदलून जीसीसी पुन्हा बांधलात तर प्लगइनही त्याच्याच हेडरवर पुन्हा बांधा.

---

बिटबहाद्दर

रेतीघड्याळ, उत्तम माहिती. मग प्रश्न येतो की एलएलव्हीएमनेही पॅकेजमध्ये असर्शन चालू का ठेवू नयेत?

---

निंबोणी

कारण एलएलव्हीएममध्ये ही स्वस्त-महाग विभागणी पुरेशी नाही. असर्ट एकच आहे, तो कास्ट<> सारख्या क्षणोक्षणी चालणाऱ्या जागीही आहे आणि पूर्ण यादी फिरून पाहणाऱ्या जागीही. त्याच्या वरचा थर एकच, एलएलव्हीएम_एनेबल_एक्सपेन्सिव्ह_चेक्स, आणि त्यालाही असर्शन्स ऑन लागतातच. तेवढा वेळ प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रत्येक कंपाइलला लावायचा का, हा खरा प्रश्न. मी म्हणेन पॅकेजमध्ये नको, पण सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या) मात्र हवंच.

---

रेतीघड्याळ

मला हे पटत नाही. चुकीचा कोड निघण्यापेक्षा थांबलेला कंपायलर कधीही परवडला. निदान स्वस्त असर्ट वेगळे काढायला हवेत. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण जीसीसीने ते केलं आहे.

---

अवजार

दोघांच्या मध्ये एक व्यावहारिक गोष्ट: सीआयमध्ये दोन्ही बिल्ड ठेवा, असर्शन चालू आणि बंद. फक्त चालू ठेवलं तर उलट्या बाजूच्या चुका सुटतात. असर्टच्या आत काम करणारा कोड लिहिला, उदाहरणार्थ असर्ट(सेट.इन्सर्ट(एक्स).सेकंड), तर रिलीजमध्ये इन्सर्टच होत नाही. बरोबर पद्धत: निकाल आधी व्हेरिएबलमध्ये घ्या, मग त्यावर असर्ट, आणि व्हेरिएबलला [[मेबी_अनयूज्ड]] लावा, नाहीतर -डब्ल्यूएरर असलेलं रिलीज बिल्ड मोडेल.

टेस्टमध्येही असंच. -डीबग-ओन्ली=एलआयसीएम सारखा पर्याय असर्शन नसलेल्या ऑप्टमध्ये नसतोच, 'अननोन कमांड लाइन आर्ग्युमेंट' येतं. तो वापरणाऱ्या टेस्टच्या वर 'रिक्वायर्स: असर्ट्स' लिहावं. आणि असर्शन नसलेला क्लँग आयआरमधली नावं टाकून देतो. तुमच्या टेस्टला %सम अपेक्षित असेल तर तिथे %३ येतं. -एफनो-डिस्कार्ड-व्हॅल्यू-नेम्स द्या किंवा फाइलचेकमध्ये (टेस्टचं आउटपुट जुळवून पाहणारं साधन) नाव न गृहीत धरता पॅटर्न लिहा.

---

सातपाटी

हातात आलेली बायनरी कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखायचं?

---

दुवाजोड

एलएलव्हीएम: एलएलव्हीएम-कॉन्फिग --असर्शन-मोड, उत्तर ऑन किंवा ऑफ. एलएलसी --व्हर्जनमध्ये 'ऑप्टिमाइझ्ड बिल्ड विथ असर्शन्स' अशी ओळ येते. जीसीसी: जीसीसी -व्ही, 'कॉन्फिगर्ड विथ' च्या ओळीत --एनेबल-चेकिंग शोधा. ते तिथे नसेल तर आवृत्तीचं डिफॉल्ट.

कुठलीही सी किंवा सी++ ची लिनक्स बायनरी: एनएम -डी --अनडिफाइन्ड-ओन्ली फाइल, आणि त्यात __असर्ट_फेल शोधा. मॅकवर हेच चिन्ह __असर्ट_आरटीएन. सापडलं म्हणजे निदान एक तरी असर्ट शिल्लक आहे. स्टॅटिक जोडलेल्या दुसऱ्या लायब्ररीतलाही असू शकतो, म्हणून एकट्या याच पुराव्यावर निष्कर्ष काढू नका.

सीमेक सोडून इतरांबद्दल थोडक्यात. मेसॉनमध्ये बिल्डटाइप=रिलीज दिलं तरी एनडीबग येत नाही. त्यासाठी बी_एनडीबग=इफ-रिलीज वेगळं द्यावं लागतं. ऑटोकॉन्फमध्ये प्रकल्पाने एसी_हेडर_असर्ट वापरलं असेल तर --डिसेबल-असर्ट मिळतो. रस्टच्या कार्गोमध्ये प्रोफाइल.रिलीजखाली डीबग-असर्शन्स = ट्रू. त्याने डीबग_असर्ट! चालू होतात. रस्टसी (रस्टचा कंपायलर) स्वतः बांधत असाल तर रस्टचं डीबग-असर्शन्स आणि एलएलव्हीएमचं असर्शन्स हे कॉन्फिग फाइलमध्ये दोन वेगळे पर्याय आहेत. एक दिल्याने दुसरा चालू होत नाही.

---

सातपाटी

शेवटचं. असर्शन बिल्डमध्ये क्लँग पडला तर बग कळवताना नेमकं काय द्यायचं?

---

अवजार

क्रॅशनंतर क्लँग स्वतःच टीएमपी फोल्डरमध्ये दोन फाइल्स ठेवतो: प्रीप्रोसेस केलेला सोर्स आणि तो चालवायची .एसएच स्क्रिप्ट. संदेशाच्या शेवटी दोघांचे पाथ छापलेले असतात. असर्शनची पूर्ण ओळ, स्टॅक डम्प, 'प्रोग्राम आर्ग्युमेंट्स' ची ओळ आणि कमिटचा हॅश द्या. स्टॅकमध्ये नुसते पत्ते दिसत असतील तर एलएलव्हीएम-सिम्बलायझर पाथमध्ये नाही. एलएलव्हीएम_सिम्बलायझर_पाथ त्याच्याकडे वळवून पुन्हा चालवा, फंक्शनची नावं येतील.

मग फाइल लहान करा. सी किंवा सी++ सोर्ससाठी सीव्हाइज, आयआरसाठी एलएलव्हीएम-रिड्यूस. दोघांनाही एक छोटी स्क्रिप्ट लागते, 'चूक अजून येते का' याचं उत्तर ० किंवा १ देणारी. त्या स्क्रिप्टमध्ये नुसतं 'क्रॅश झाला का' तपासू नका, असर्टमधला मजकूर ग्रेप करा. नाहीतर कापता कापता भलताच क्रॅश सापडतो आणि मूळ चूक हातची जाते. आणि रिड्यूस करताना असर्शन बिल्डच वापरा. पॅकेजमधल्या क्लँगवर तो मजकूर छापलाच जात नाही, त्यामुळे स्क्रिप्टला पकडायला काही उरत नाही.